जांभ्याची माणसे
विद्यापीठाच्या अंगणातील कलेविषयी काही विचार

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील कलाप्रदर्शनाचे उद्‌घाटन करण्याचा योग आम्हांला आला. विषय मोठा होता : 'सामाजिक न्याय आणि पर्यावरण'. दारावर थर्माकोलच्या टपोऱ्या अक्षरांत 'वसुंधरा वाचवा' असे लिहिलेले होते. आत फ्लेक्सच्या पडद्यांवर तोडलेली झाडे, आटलेल्या विहिरी, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका आणि उघडी आदिवासी मुले होती. विद्यार्थ्यांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. रात्री जागून त्यांनी ते सारे उभे केले होते. आम्हीही चार गौरवाचे शब्द बोललो आणि पुष्पगुच्छ घेऊन परतलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका आजाऱ्याला भेटून आम्ही त्याच रस्त्याने येत होतो. महाविद्यालयाच्या मागल्या भिंतीशी झाडलोट करणारी एक वारली बाई ती अक्षरे मोडून गोणीत कोंबताना दिसली. आम्हांला पाहून ती म्हणाली, "फादर, हा जाळला तर धूर लय होतो. कुठं टाकू याला?" आम्हांला उत्तर सुचले नाही. तिची मुले आत, पडद्यावर, चित्रविषय झाली होती. प्रदर्शन मात्र तिच्यापर्यंत पोहोचले ते कचरा म्हणून. त्याच वर्षी आमच्या मंदिरातील नाताळच्या गोठ्यावर थर्माकोलचे बर्फ पडले होते, हेही येथे कबूल केले पाहिजे. बेथलेहेमच्या गोठ्यावर बर्फ आणि तेही थर्माकोलचे! पुढे २०१८ साली महाराष्ट्र शासनाने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. परंतु बंदीने वस्तू जाते, दृष्टी जात नाही.

त्या बाईच्या प्रश्नाने आमच्या मनात कलेविषयीचे तीन साधे प्रश्न रुजवले. न्यायाची आणि निसर्गाची भाषा बोलणारी कलाकृती कशाची घडली आहे? तिच्यात जो माणूस दाखविला आहे, तो पाहणाऱ्याच्या किती उंचीवर उभा आहे? आणि प्रदर्शन संपल्यावर तिचे काय होते, ती कुणाच्या वाट्याला येते? कलासमीक्षेच्या ग्रंथांत हे प्रश्न फारसे आढळत नाहीत. तथापि पुढे एका डिसेंबरात शांतिनिकेतनला जाण्याचा योग आला, तेव्हा हेच प्रश्न घेऊन आम्ही तेथील कलाभवनाच्या अंगणात हिंडलो. त्या हिंडण्याचा हा वृत्तांत आणि त्यातून निघालेले काही कडूगोड निष्कर्ष वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रवींद्रनाथ ठाकुरांनी कलाभवनाची स्थापना १९१९ साली केली. विश्वभारतीचा आरंभ १९२१ सालचा, आणि केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा १९५१ सालचा. २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. या तारखा कोणत्याही माहितीपुस्तकात सापडतील. परंतु बोलपूर स्थानकाबाहेर पडताच कोकणच्या माणसाचे लक्ष वेधून घेते ती तेथील माती. ती लाल आहे, जांभ्याची आहे. पावसाने ती झिजते, तिच्यात घळी पडतात. अशा उघड्याबोडक्या, घळींनी चिरलेल्या भूमीला तिकडे 'खोआई' म्हणतात. वरचे झाडझाडोऱ्याचे पांघरूण गेले, की जमिनीचे काय होते ते तेथे डोळ्यांना दिसते. आपल्याकडे तुंगारच्या डोंगराला ठिकठिकाणी पडलेल्या चरांची आम्हांला आठवण झाली.

या जमिनीला उत्तर म्हणून रवींद्रनाथांनी १९२८ साली वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला, आणि शेजारच्या श्रीनिकेतनात त्याच वर्षी नांगरणीचा, म्हणजे हलकर्षणाचा उत्सव. श्रीनिकेतन ही १९२२ साली ग्रामसुधारणेसाठी उभारलेली संस्था. तिच्या उभारणीत लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज शेतीतज्ज्ञाचा मोठा वाटा होता. रोप पालखीत बसवून वाजतगाजत नेणे आणि कवीने स्वत: नांगराला हात लावणे, या गोष्टी आज आपल्याला नाटकी वाटण्याचा संभव आहे. परंतु विद्यापीठाच्या पंचांगात झाड आणि नांगर यांना सणाचा मान देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. नंदलाल बसूंनी श्रीनिकेतनातील भिंतीवर हलकर्षणाचे चित्रही रंगविले. म्हणजे प्रथम उत्सव झाला, माती उकरली गेली आणि मग चित्र आले. आमच्या महाविद्यालयात क्रम उलटा होता. तेथे चित्र लागले, आणि झाड लावायचे राहून गेले.

कलाभवनाच्या आवारात रामकिंकर बैज यांचे 'संथाल कुटुंब' हे शिल्प उभे आहे. १९३८ सालचे हे काम भारतातील आधुनिक सार्वजनिक शिल्पांत पहिले मानले जाते. रामकिंकर हे बाँकुड्याच्या नाभिक कुटुंबात १९०६ साली जन्मले. 'प्रवासी' आणि 'मॉडर्न रिव्ह्यू' या मासिकांचे संपादक रामानंद चट्टोपाध्याय यांची नजर त्यांच्यावर पडली आणि १९२५ साली ते शांतिनिकेतनात आले. राजघराणे नाही, परदेशचे शिक्षण नाही, हाती पैसा नाही. ब्राँझचे ओतकाम परवडणारे नव्हते. तेव्हा त्यांनी जे पायाखाली होते तेच हाती घेतले. सांगाडा उभा करून त्यावर सिमेंट आणि जांभ्याची खडी यांचा गिलावा हातांनी मारला. त्या भूमीत जी खडी पावलांना टोचते, तीच त्या शिल्पाची त्वचा झाली. आम्ही जवळ जाऊन पाहिले, तेव्हा त्या पृष्ठभागावर कुठेही गुळगुळीतपणा नव्हता. उन्हात काम केलेल्या माणसाच्या पाठीसारखा तो खरखरीत होता.

शिल्पातील पुरुष चालतो आहे. त्याच्या खांद्यावर कावड आहे. कावडीच्या एका टोपलीत मूल बसले आहे आणि दुसरीकडे भार सांभाळणारे ओझे आहे. शेजारी त्याची बायको चालते, तिच्या कडेवर तान्हे मूल आणि डोक्यावर संसार. सोबत कुत्रा आहे. सारे घर चालत निघाले आहे. कामाच्या शोधात एका मुलखातून दुसऱ्या मुलखाला. ते कुठे निघाले, शिल्पकार सांगत नाही. परंतु चेहऱ्यांवर दीनवाणेपणाचा लवलेश नाही, आणि आम्हांला सर्वांत भावली ती गोष्ट हीच. माणसे आकाराने आपल्यापेक्षा मोठी असूनही त्यांना उंच चौथऱ्यावर बसवलेले नाही. ती जमिनीलगत, झाडांच्या सोबतीने, आपल्याच वाटेवरून चालल्यासारखी आहेत. त्यांच्याकडे मान वर करून पाहावे लागते, ते त्यांच्या बांध्यामुळे. चौथऱ्याने उसनी दिलेली ती उंची नव्हे.

कावड पाहून आमचे मन क्षणभर वसईला गेले. आमच्या आजोबांच्या पिढीने पहाटेच्या अंधारात भाजीच्या आणि केळ्यांच्या कावडी खांद्यावर वाहिल्या आहेत. त्यांच्या खांद्यांना पडलेले घट्टे आम्ही लहानपणी पाहिले आहेत. त्या खांद्यांवर आमची शिक्षणे झाली, मंदिरे उभी राहिली. परंतु त्या खांद्यांचे शिल्प आम्ही केले नाही. आमच्या चौकांत संतांचे पुतळे आहेत आणि ते असावेत. पण कावड वाहणारा कुणी आमच्या डोळ्यांना पूजनीय वाटला नाही. रामकिंकरांना संथाल माणूस तसा वाटला, आणि तेही ज्या काळात सरदार-साहेबांचेच पुतळे उभारण्याची रीत होती त्या काळात. सामाजिक न्याय या शब्दाचा कलेतील अर्थ आम्हांला तेथे उमगला. दया दाखविणे हा तो अर्थ नव्हता. ज्याला कुणी जागा दिली नाही, त्याला मध्यभागी जागा देणे हा होता.

जवळच त्यांचे १९५६ सालचे दुसरे शिल्प आहे. बंगालीत त्याचे नाव 'कलेर बांशी', म्हणजे आपला गिरणीचा भोंगा. मुंबई परिसरातील ज्या कुटुंबांत एका पिढीने भोंग्यावर घड्याळ लावले, त्यांना या शिल्पाचा अर्थ सांगावा लागू नये. बोलपूरच्या आसपास भातगिरण्या होत्या. भोंगा झाला आहे, दोन संथाल स्त्रिया धावत निघाल्या आहेत, मागे एक मूल पळते आहे. अंगावरचे वस्त्र वाऱ्याने उडते आहे. न्हाऊन ओले लुगडे वाळवण्यालाही वेळ नाही, ते धावता धावताच वाळायचे. एकीचे तोंड पुढे गिरणीकडे, दुसरीची नजर मागे. मागे काय आहे? मूल, घर, शेत, की संपत चाललेला एक जगण्याचा मार्ग? शिल्पकाराने उत्तर दिलेले नाही. 'संथाल कुटुंबा'तील माणसे स्वत:च्या पावलांच्या गतीने चालतात. या स्त्रिया दुसऱ्याने ठरविलेल्या वेळेमागे धावतात. दोन शिल्पांमध्ये अठरा वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अठरा वर्षांत शेतकरी माणसाचे मजूर होणे या एकाच गोष्टीचा इतिहास आहे. तरीही रामकिंकरांनी त्या धावण्यात आनंदाचा अंश ठेवला आहे, याने काही टीकाकार अस्वस्थ होतात. आम्हांला मात्र तो प्रामाणिकपणा वाटतो. श्रम करणारी माणसे चोवीस तास दु:खी नसतात. त्यांना सदैव दु:खी दाखविणे हीदेखील त्यांची एक अवहेलनाच होय.

कलाभवनाच्या आवारात 'कालो बाडी', म्हणजे काळे घर, आहे. मातीच्या भिंती, त्यांवर विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून केलेली उठावाची शिल्पे आणि पावसापासून संरक्षण म्हणून डांबराचा लेप. भारहुतपासून इजिप्तपर्यंतच्या शिल्पपरंपरांचे नमुने विद्यार्थ्यांनी मातीत गिरविले, आणि त्याच घरात विद्यार्थी राहिले. विद्यार्थ्यांच्या कलाप्रदर्शनाचा याहून नेटका नमुना आम्हांला ठाऊक नाही. आमचा पहिला प्रश्न, कृती कशाची घडली, आणि तिसरा, पुढे तिचे काय होते, या दोहोंचे उत्तर ते घरच देते. ते मातीचे आहे, आणि पुढे त्यात कुणीतरी झोपते, अभ्यास करते. दरवर्षी डागडुजी करावी लागते खरी. परंतु ज्याची डागडुजी करावी लागते, त्याची काळजी घेण्याची सवयही लागते.

या दृष्टीचे मूळ नंदलाल बसूंच्या शिकवणीत आहे आणि तिचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो, ही गोष्ट आपल्याकडे विस्मृतीत गेली आहे. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. गांधीजींनी त्याच्या सजावटीचे काम नंदलालांकडे सोपविले. खेड्यात मिळते तेच वापरायचे, अशी अट होती. बांबू आणि गावातले साधे सामान यांतून त्यांनी ते नगर सजविले. पुढे १९३८ साली गुजरातेतील हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४०० फलक रंगविले. हाती बनविलेला कागद, माती-दगडांचे रंग, आणि विषय म्हणजे ढोलकी वाजविणारा, सुतार, शिकारी, घरकामात गुंतलेली बाई. हे फलक येणाऱ्याजाणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेस पडावेत म्हणून बाहेर लावलेले होते. आज 'टिकाऊ विकास' या नावाने जे आपल्याला शिकविले जाते, ते त्या गृहस्थाने काटकसर आणि सुरुची या दोन जुन्या शब्दांत बसविले होते.

बिनोदबिहारी मुखोपाध्याय यांनी १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या तीन भिंतींवर रंगविलेले मध्ययुगीन संतांच्या जीवनाचे भित्तिचित्रही येथे विसरून चालणार नाही. जन्मापासून अधू दृष्टी असलेल्या या चित्रकाराने ओल्या गिलाव्यावर हे प्रचंड काम केले. १९५६ च्या सुमारास त्यांची दृष्टी पूर्णत: गेली. त्या भिंतींवर कबीर आहेत, तुलसीदास आहेत, सूरदास आहेत. परंतु कुणी सिंहासनावर बसलेला नाही. संत गर्दीतून वाहत येतात आणि गर्दीत मिसळतात. कोण संत आणि कोण वाटसरू हे चटकन ओळखता येत नाही. आमच्या दुसऱ्या प्रश्नाला, उंचीच्या प्रश्नाला, याहून सुंदर उत्तर आम्ही पाहिलेले नाही.

सोमनाथ होर यांचे नाव घेतल्यावाचून हे अंगण पुरे होत नाही. चितगावकडील हे कलावंत १९२१ साली जन्मले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा तरुण सोमनाथांनी त्या मरणाऱ्यांची रेखाटने केली. १९४६ साली तेभागा चळवळीतील कुळांमध्ये राहून त्यांनी चित्रे आणि रोजनिशी लिहिली. पुढे ते कलाभवनात मुद्राचित्रणाचे अध्यापक झाले. १९७१ च्या सुमारास त्यांनी 'जखमा' ही मालिका आरंभली. पांढऱ्या कागदाच्या लगद्यावर पांढरेच व्रण. रंग जवळजवळ नाहीच. दुरून पाहिले तर कोरा कागद वाटावा. जवळ गेल्यावर कापल्याच्या, भाजल्याच्या, खरवडल्याच्या खुणा दिसू लागतात. दु:खाची जाहिरात न करता दु:ख दाखविणे कसे असते, ते त्या पांढऱ्या कागदांनी आम्हांला शिकविले. व्हिएतनामच्या जनतेला अभिवादन म्हणून त्यांनी घडविलेले माता आणि बालकाचे मोठे ब्राँझ शिल्प १९७७ साली पूर्ण होताच कलाभवनातूनच चोरीस गेले आणि पुन्हा सापडले नाही. रामकिंकरांची खडी कुणी चोरली नाही, हाही एक धडा आहे.

आमची भेट 'नंदन मेळ्या'च्या दिवसांतली होती. नंदलालांचा जन्मदिन ३ डिसेंबरला. त्याच्या आदल्या दोन दिवशी, १ आणि २ डिसेंबरला, १९७३ पासून हा मेळा भरत आला आहे. विद्यार्थी आणि शिक्षक आपापल्या हातच्या वस्तू, मातीची भांडी, ठसे, दिनदर्शिका, दागिने, विक्रीस मांडतात. मिळणारे पैसे अडचणीतील विद्यार्थ्यांच्या साहाय्यनिधीत जमा होतात. नामांकित अध्यापकाचे चित्र आणि पहिल्या वर्षाच्या मुलीची मातीची वाटी एकाच बाकावर मांडलेली आम्ही पाहिली. या प्रदर्शनात सामाजिक न्यायावर एकही फलक आम्हांला दिसला नाही. परंतु कुणाच्या तरी आजारपणाचे बिल त्या वाट्यांतून भागणार होते. आम्हीही एक वाटी घेतली. ती अद्याप आमच्या मेजावर आहे.

येथवर वाचून कुणास वाटेल, की आम्ही शांतिनिकेतनाचे भाट झालो. तसे नाही. त्या अंगणाला आमचे तीन प्रश्न लावले, तर तेथेही खोट निघते.

पहिली खोट अशी. संथाल माणूस त्या अंगणाच्या मध्यभागी आला, पण आला तो विषय म्हणून. शिल्पाखाली शिल्पकाराचे नाव आहे. ज्यांची शरीरे पाहून ते घडले त्यांची नावे कुणाच्या ओठांवर नाहीत. आसपासच्या संथाल पाड्यांत स्त्रिया स्वत:च्या घरांच्या भिंती मातीच्या उठावांनी आणि रंगांनी नटवितात. ती कलाच आहे आणि काळ्या घराच्या भिंती मातीने घडविणाऱ्यांना ती अपरिचित असणे शक्य नव्हते. मग गुरू कोण आणि शिष्य कोण? आपल्याकडे डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांनी या प्रश्नाचे निराळे उत्तर दिले. वारली सुवासिनी लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. ती रेघ त्यांनी हाती घेतली, आपल्या लोकांचे जगणे स्वत: लिहिले आणि २०११ साली पद्मश्रीपर्यंत पोहोचले. २०१८ साली त्यांचे निधन झाले. दुसऱ्याने आपले शिल्प करणे आणि आपण आपली रेघ ओढणे, यांतील अंतर हे न्यायाचे अंतर आहे. रामकिंकरांनी त्यातील अर्धी वाट चालून दाखविली. उरलेली अर्धी वाट विद्यापीठांनी चालायची होती.

दुसरी खोट अंगणाबाहेरची. ज्या निर्जन खोआईने चित्रकारांना वेड लावले, तिच्यावर आता विश्रामगृहे आणि कोलकात्याच्या धनिकांची घरे उठली आहेत. सोनाझुरीच्या बनात भरणाऱ्या हाटाला मोटारींची रांग लागते. पौषमेळ्यातील कचरा आणि प्रदूषण यांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्या मेळ्याच्या मैदानाला कुंपण घालण्यावरून मोठा तंटा होऊन मोडतोड झाली. कुणाची बाजू खरी, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु उघड्या आकाशाखाली शिकविण्याच्या कल्पनेतून जन्मलेल्या संस्थेला भिंतीचा प्रश्न पडावा, यात आपल्या साऱ्या काळाची शोकांतिका आहे. कला एखाद्या भूमीला सुंदर ठरविते, आणि मग ती भूमी विकत घेणारे येतात. वसईच्या हिरव्या पट्ट्याचे ज्यांनी कवितेत गोडवे गायिले, त्यांनी याचा विचार करावा. जाहिरातदारांनी 'हिरवी वसई' हे शब्द आपल्याकडूनच उचलले आणि त्याच शब्दांनी सदनिका विकल्या. टँकरने पाणी उपसण्याविरुद्ध आणि बांधकामांच्या लोंढ्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले, म्हणून निदान काही वाड्या राहिल्या. फादर २०२४ साली आपल्यातून गेले. शब्दाला पावलांची जोड दिल्यावाचून शब्द विकला जातो, हे त्यांनी ओळखले होते.

या अंगणाशी आपल्या समाजाचे एक नातेही आहे. विनायक मासोजी हे महाराष्ट्रातून गेलेले ख्रिस्ती चित्रकार नंदलालांचे शिष्य झाले आणि पुढे कलाभवनातच त्यांनी अध्यापन केले. गोव्यातील सांतु इस्तेव येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शांतिनिकेतनात गेले, अवनींद्रनाथ आणि नंदलाल यांच्याजवळ शिकले, आणि नंतर पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून १९६७ साली मृत्यू येईपर्यंत चित्रे काढीत राहिले. त्यांची पवित्र मरिया लुगडे नेसते, तिची कांती आपल्या आयाबहिणींसारखी सावळी आहे. पोर्तुगीज अमलातील गोव्यात त्यांच्या वाट्याला कौतुकापेक्षा रोषच अधिक आला. आपल्याच धर्मबांधवांना ती मरिया 'आपली' वाटली नाही; गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मरियेची सवय झाली होती. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. फोन्सेका शांतिनिकेतनात काय शिकले? जलरंगाचे तंत्र शिकले असतीलच. परंतु ज्या दृष्टीने रामकिंकरांना कावडवाला संथाल मध्यभागी ठेवण्यास योग्य वाटला, त्याच दृष्टीने फोन्सेकांना शेजारची सावळी बाई देवमातेच्या जागी योग्य वाटली. ज्या मातीत आपण उभे आहोत ती माती आणि ज्यांच्यामध्ये आपण राहतो ती माणसे ईश्वराला लाज आणणारी नाहीत, एवढाच तो विश्वास. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीचे आणि गरिबांचे दु:ख एकत्र बांधले, तेव्हा अनेकांना ते नवे वाटले. फोन्सेकांच्या चित्रांजवळ वाढलेल्यांना ते नवे वाटावयास नको होते.

शांतिनिकेतनात नाताळच्या दिवशी उपासनागृहात ख्रिस्तोत्सव साजरा होतो. १९१० पासूनची ती प्रथा आहे. आम्ही त्या दिवसापर्यंत थांबू शकलो नाही. आमच्या धर्मग्रामात गोठ्याचे काम सुरू व्हायचे होते.

परतल्यावर आम्ही तरुणांना बोलावले आणि ते तीन प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले. गोठा कशाचा करायचा? त्यातल्या मेंढपाळांचे चेहरे कुणासारखे असतील? आणि तीन राजांच्या सणानंतर तो कुठे जाईल? पहिल्या प्रश्नाला उत्तर लवकर मिळाले : बांबू, पेंढा, वाडीतली माती. दुसऱ्यावर वाद झाला. मेंढपाळांना आपल्या शेतावर राबणाऱ्या वारल्यांचे रूप द्यावे, असे एका मुलीने सुचविले. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "फादर, लोक काय म्हणतील?" तेव्हा त्या मुलीने विचारले, "त्यांना बोलावून त्यांनाच घडवू दिले तर?" सभेत शांतता पसरली. त्या शांततेत आम्हांला आमच्या समाजाची सारी अडचण ऐकू आली. ज्या माणसाला आपण मजुरी देतो, त्याच्या हातचा बाळ येशू आपल्याला चालेल काय, हा प्रश्न कलेचा नव्हता.

शेवटी पाड्यावरचे तिघे आले. त्यांनी मेंढपाळ केले, आणि मेंढ्यांऐवजी शेळ्या केल्या, कारण मेंढ्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. काहींनी नाके मुरडली, बहुतेकांना आवडले. मूर्तींखाली त्या तिघांची नावे लिहावीत असे आम्ही सुचविले, ती लिहिली गेली. जानेवारीत गोठा उतरविला, तेव्हा पेंढा एकाच्या बैलांना गेला आणि बांबू मांडवाला. मातीच्या शेळ्या पाड्यावरच्या मुलांनी मागून नेल्या.

महाविद्यालयांतील आणि विद्यापीठांतील प्रदर्शनांना आम्ही यापुढेही जाऊ, बोलाविले तर. तरुणांनी न्यायाविषयी आणि भूमीविषयी चित्रे काढावीत, हे चांगलेच आहे. आमची विनंती इतकीच, की उद्‌घाटनाच्या पाहुण्यांची नावे छापण्यापूर्वी, समारोपानंतर झाडू घेऊन येणाऱ्या बाईला एकदा आत बोलवावे, सारे दाखवावे आणि तिला काय वाटले ते विचारावे. तिचे उत्तर ऐकून मग दारावरची अक्षरे कशाची करायची ते ठरवावे.